समाधानी तासिकावाले
नेट-सेट, वर पीएचडी आणि मोबदला तासावर. महाराष्ट्रातल्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला नोकरीत समाधान आहे का, हे विचारायलाच नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असं ठरवलं. ते परिपत्रक नुसतं वाचूनही पोट भरतं. मानधन महिनोन्‌महिने रखडतं, त्यामुळे उधळेपणाची सवय लागत नाही. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. शिकवण्याची ओढ काय अनावर होते म्हणता! आणखी प्रेरणा कशाला हवी? 'नॅक'ची समिती आली की हाच माणूस 'आमचे प्राध्यापक', पदभरतीचा विषय निघाला की 'ते तासिकावाले'. नव्या वर्षी पुन्हा मुलाखत, त्याच प्राचार्यांसमोर. पहिला प्रश्न, "अनुभव किती?"