धुऱ्यावरचा तोल

भंडारा जिल्ह्यात रोवणी लागली की धानाच्या बांध्यांमधले धुरे हीच रहदारीची वाट. दोन्हीकडे चिखलणीचं पाणी, मधे वीत-दीड वीत निसरडी माती. तिच्यावरून डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन बाया गप्पा मारत निघतात. मागून नागपूरचा जावई येतो. मांड्या जिममध्ये कमावलेल्या, बूट भारीतले, हात मात्र दोन्ही बाजूंना पसरलेले.

"खाली काऊन पाहता जी? पुढं पाहा ना!"

जावयाच्या मांड्यांना नावं ठेवू नयेत. ताकद आणि तोल यांचं नातं सख्खं नाही, चुलत आहे; तरुणपणी तर दोघं एकमेकांना फारशी ओळखही देत नाहीत. वयाबरोबर ताकद उतरली, की मग तोलाला तिची उणीव भासू लागते.

आपण दोन पायांवर चालतो हे तसं म्हणण्यापुरतंच. चालताना साधारण 80 टक्के वेळ एकच पाय जमिनीवर असतो. चिखलात तर रुतलेला पाय उपसून निघेपर्यंत सगळी भिस्त दुसऱ्यावर. अशा वेळी रोवणीवालीचा अनवाणी पाय नीट पाहावा: बोटं मातीत रुतवलेली, पावलावरच्या शिरा ताणलेल्या, आणि घोटा क्षणभरही स्वस्थ नाही. अंग पुढं झुकलं की पोटरी मागं खेचते, कडेला कललं की घोट्याच्या बाजूचे स्नायू धावतात. पण जागाच अरुंद असली की घोट्याचं फारसं चालत नाही. मग कमरेतून झुकून खुबा सावरून घेतो.

खुब्याचं काम लुगड्याआड चालतं, म्हणून त्याचं कौतुक होत नाही. एक पाय उचलला की त्या बाजूची कमर खाली जाऊ पाहते. तिला टेकलेल्या पायाच्या खुब्यावरचा स्नायू धरून ठेवतो. या ओढाताणीत खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदानं 1895 मध्ये हे नेमकं हेरलं: कमर डावीकडं पडली, तर दुबळेपणा उजव्या खुब्यात.

2022 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी 51 ते 75 वयाच्या 1702 जणांना 10 सेकंद एका पायावर उभं राहायला लावलं. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. हे वाचल्यापासून आमच्या घरी दात घासताना सगळे एक पाय वर धरतात आणि एका हातानं बेसिन.

इथल्या तलावांकाठी दिसणारा सारस हे सगळं पाहत निवांत एका पायावर उभा असतो. फ्लेमिंगोच्या बाबतीत तर 2017 मध्ये दिसून आलं, की मेलेला पक्षीही एका पायावर स्थिर राहतो, दोन पायांवर नाही. स्नायूंना कष्टच नाहीत! आपल्याला ती सोय नाही, आपल्याला काठी.

आणि काठी धरायची दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे सांध्यावरचा भार बराच हलका होतो. उजवा खुबा धरून, उजव्याच हातात काठी घेऊन धुऱ्यावर उभ्या असलेल्या आजोबांना मी हे सगळं शास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर आहे तुमचं," ते म्हणाले, "पन मंग बैल काय डाव्या हातानं हाकलाचे?"