पिक्सेलदार

बिलोलीला तहसीलदार बदलून येतो आणि बदलून जातो. पिक्सेलदार पाणलोटाच्या दर नव्या प्रकल्पाबरोबर उगवतो. पाठीला लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, बुटांना चिखलाचा टिपूस नाही. शेतातलं खत आणि माती पावसात किती वाहते, मांजरेतून कंदकुर्तीच्या संगमावर गोदावरीत किती पडते, हे तो धुऱ्यावर पाय न ठेवता सांगतो.

त्याचं जग चौकोनांचं. पहिला नकाशा ९० मीटरचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून अकरा दिवस रडार फिरवून पृथ्वीची उंची मोजली गेली, त्या एसआरटीएम मोहिमेचा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही एसआरटीएमच. त्यामुळे पारावरच्यांना वाटलं, नकाशा आपल्याच पोरांनी काढलाय. त्यानेही तसंच वाटू दिलं. गावात मान मिळत असेल तर अमेरिकेचं नाव कशाला काढा!

९० मीटरचा चौकोन म्हणजे बरोबर दोन एकर. नकाशावर ठिपका, पण आमच्याकडे दोन एकरांत दोन सख्खे भाऊ, एक धुरा आणि एक दिवाणी दावा आरामात मावतो. थोरला एकराला दोन पोती डीएपी टाकतो, धाकटा नुसत्या शेणखतावर. पिक्सेलदाराने सरासरी काढून दोघांना एकेक पोतं वाटलं. भावकीला जे जमलं नाही, ते संगणकाने एका रात्रीत केलं.

“साहेब, आमचा धुरा कुठं हाय ह्याच्यात?”

“दीड फुटाचा धुरा दिसत नसतो, काका.”

“मंग आमचा बाप कायच्यासाठी भांडला वो कोर्टात?”

चौकोन मोठा असला की चढउतार एकमेकांत मिसळून उतार सपाट होतो. उतार गेला की हिशेबातली माती कमी वाहते आणि मातीला चिकटून जाणारा फॉस्फरसही कमी होतो. वाहून गेलेल्या पाण्याचा एकूण आकडा त्यामानाने फारसा हलत नाही. म्हणून तो पठ्ठ्या सभेत पाण्याचा तक्ता आधी लावतो आणि फॉस्फरसचा जेवणाची पंगत बसायच्या वेळी.

पुढच्या वर्षी ३० मीटरचा नकाशा आला. चौकोन नऊ गुंठ्यांवर उतरला, उतार पुन्हा उभे राहिले, फॉस्फरस वाढला. शेत तेच, पोती तीच, पाऊस तर मागच्याच वर्षीचा, तोही अख्ख्या महसूल मंडळासाठी एकाच पर्जन्यमापकावरचा. तरी सभेत शेतकऱ्यांना दम मिळाला : “वर्षभरात प्रदूषण वाढवलंत तुम्ही!” थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी.

मग ड्रोन आला. चौकोन अर्ध्या मीटरचा. धुरा दिसला, बैलगाडीची चाकोरी दिसली, उकिरड्याचा उंचवटासुद्धा दिसला. फक्त रस्त्याखालचा नळकांडी पूल वरून दिसेना. संगणकाने रस्त्याच्या भरावाला धरण समजून ओढ्याचं सगळं पाणी तिथंच अडवलं. मांजरेला थेंब पोचला नाही, फॉस्फरस शून्य. पिक्सेलदाराने छाती फुगवून पडद्यावर निळा तलाव दाखवला.

धाकटा उठून पडद्याजवळ गेला. तलावात बोट घालून म्हणाला, “ही आमची दोन एकरं. बुडिताचा मोबदला कवा भेटंल, साहेब?”

“निम्मा माझा,” मागून थोरला ओरडला.