परतीची गाडी किती वाजता, भाऊ?

वऱ्हाडात डोंगर नाहीत, असं पुण्या-मुंबईचा माणूस म्हणाला तर सोडून द्यावं. त्याच्या नकाशात भुसावळ संपलं की थेट नागपूरची संत्री सुरू होतात. पण अकोल्याचा माणूसही हेच म्हणतो आणि पावसाळा लागला की लोणावळ्याचं रिझर्व्हेशन काढतो. अकोटच्या उत्तरेला सातपुडा आडवा पसरलाय. नरनाळा तिथं, गाविलगड तिथं, चिखलदरा तिथं, वारीचा भैरवगड तिथं. आणि मुख्य म्हणजे या सगळ्यांच्या आसपास एसटी जाते. जाते म्हणजे जाते. परत येण्याचं पुढे बघू.

भटकंतीच्या लेखांत शेवटी एक चौकट असते, ‘कसे जाल?’ तिच्यात नेमानं छापलेलं असतं, ‘स्वतःचे वाहन असल्यास उत्तम.’ स्वतःचं हेलिकॉप्टर असल्यास अतिउत्तम, पण ते कुणी लिहीत नाही, तेवढाच संकोच. स्वतःचं वाहन असलेला माणूस नरनाळ्याच्या माथ्यापर्यंत गाडीत बसून जातो, दरवाजापाशी फोटो काढतो आणि ‘ट्रेक केला’ म्हणून स्टेटसला टाकतो. ज्याच्याकडे वाहन नाही त्याला खरोखरच चालावं लागतं. म्हणजे वऱ्हाडात अस्सल ट्रेकर घडवण्याचं पुण्य एसटीच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

तालुक्याच्या कोणत्याही स्टँडवर चौकशीच्या खिडकीत डोकं घालून पाहा.

‘डोंगराच्या अंगाले कोणती गाडी जाते, भाऊ?’

‘कायले? दर्शनाले?’

‘नाही, फिरायले.’

खिडकीतला माणूस चष्म्यावरून आपल्याकडे बघतो. मुलीचं स्थळ पाहायला चाललेला नाही, बँकेची वसुली नाही, मयत नाही, आणि तरी हा गाडीत बसणार. ‘जाईन तं बारा वाजता,’ तो म्हणतो. ‘वापस मात्र उद्या सकाळी.’

यात त्याची चूक नाही आणि वेळापत्रकाचीही नाही. खेड्यात मुक्कामी गेलेली गाडी पहाटे निघते. दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख, दवाखाना, आठवडी बाजार असं सगळं घेऊन ती तालुक्याला येते. संध्याकाळी हेच सगळं परत नेऊन सोडते आणि तिथंच झोपते. हे असंच असायला पाहिजे. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, ती काही कुणाला सूर्यास्त दाखवायला नाही. पण डोंगरवेड्याचं सगळं उलटं असतं. गाव सकाळी तालुक्याला निघतं तेव्हा त्याला गावाकडे जायचं असतं. संध्याकाळी गाव घरी परततं तेव्हा हा पायथ्याच्या पाराशी पाठपिशवी घेऊन उभा. गाडी येते. याचा चेहरा उजळतो. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि हातपाय धुवायला लागतो. मुक्कामी गाडी ती हीच.

त्यातून नोकरदाराला सुट्टी रविवारची. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या भरवशावर चालतात. मानव विकासच्या निळ्या गाड्या तर मुलींच्या शाळेसाठीच सुरू झाल्या, आणि त्याहून चांगलं काम एसटीनं क्वचितच केलं असेल. पण रविवारी शाळा नाही, म्हणून फेरी नाही. सोमवारी फेरी आहे, तर आपल्याला सुट्टी नाही. वऱ्हाडात एसटीनं ट्रेकिंग करायचं तर मास्तर व्हावं लागतं किंवा शाळकरी पोरगी.

तिकिटाच्या बाबतीत मात्र सरकारचा हात सढळ. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. ६५ च्या पुढे अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. म्हणजे गुडघे शाबूत असेपर्यंत पूर्ण भाडं आणि गुडघे गेले की डोंगर मोफत. शिवाय ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा पास आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. नाव अगदी प्रामाणिक आहे. आवडेल तेथे म्हटलंय, आवडेल तेव्हा म्हटलेलं नाही.

आता न्यायाचं बोलू. चिखलदऱ्याचं काम त्यातल्या त्यात सोपं. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून तीसेक किलोमीटरचा घाट, आणि सुमारे ११०० मीटर उंचीवर गाडी आपल्याला सोडते. स्टँडपासून गाविलगड दोनेक किलोमीटर. तंगड्या असलेल्या कोणत्याही माणसाला हा गड एसटीनं करता येतो. शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंड पाहावं, मच्छी तलावाच्या काठानं आतल्या किल्ल्यात शिरावं, परत येऊन देवी पॉइंटची दरी बघावी. पण चिखलदऱ्यात चालणाऱ्याला कुणी चालू देत नाही. खाली पाय ठेवायच्या आत जीपवाला हजर. ‘सगळे पॉइंट करून देतो साहेब, दोन घंट्यात.’ पंचबोल, हरिकेन, मोझरी. माणूस उतरतो, दरीकडे पाठ करतो, सेल्फी काढतो, चढतो. दरीची बाजू फोटोत येते, एवढंच तिचं नशीब.

आणि पॉइंटची हौस भागली नाही म्हणून स्कायवॉक. गोराघाट ते हरिकेन पॉइंट, दरीवरून चारशे मीटरहून लांब, खाली काच. पायाखालचा डोंगर सोडून हवेत चालायला कोट्यवधी रुपये मिळतात. डोंगरावरून चालणाऱ्यासाठी परतीच्या गाडीची वेळ लिहिलेली पत्र्याची पाटी मात्र योजनेत बसत नाही. पाटीला उद्घाटन नसतं, ही खरी अडचण.

या मुलखात परतीचा चोख बंदोबस्त एकदाच झाला, तोही साहेबाकडून. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि मग तो गाविलगडाकडे वळला. पट्टा तोच, आज आपण तेल्हारा, अकोट, अंजनगाव, परतवाडा अशा पाट्यांच्या गाड्यांतून हिंडतो तो. अचलपूरहून ७ डिसेंबरला निघालेला कर्नल स्टीव्हन्सन डोंगरातून तोफा ओढत १२ तारखेला गडाच्या उत्तरेला पोचला. पाच दिवस. आज बस तास-दीड तासात वर नेते, तरी आपल्याला घाट लागतो म्हणून आवळ्याची सुपारी लागते. १५ ला गड पडला, १७ ला देवगावचा तह झाला आणि त्या तहात गाविलगड आणि नरनाळा दोन्ही भोसल्यांकडेच राहिले. माणूस आला, गड घेतला, गड सोडला, परत गेला. सगळं तीन आठवड्यांत. नंतर याच वेलस्लीनं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, यात नवल नाही. परतवाड्याच्या घाटात ज्याचं वेळापत्रक जमलं त्याला बेल्जियम काय अवघड?

नरनाळ्याचं दुखणं निराळं. अकोल्याहून अकोट ४५ किलोमीटर, गाड्या हव्या तितक्या. आता ब्रॉडगेजची रेल्वेही आहे. पूर्वी याच लाइनीवरची मीटरगेज अकोटच्या पुढे मेळघाटात शिरायची आणि धूळघाटला स्वतःभोवतीच वळसा घेत खंडव्याला जायची. २०१७ च्या सुरुवातीला ती थांबली. तेव्हा अकोटपर्यंत कुणीही पोचतो. पुढचे वीसेक किलोमीटर शहानूरपर्यंतचे, तिथं खरी परीक्षा. काळीपिवळी मिळते, पण ती ‘अजून दोघं आले की निघू’ या तत्त्वावर चालते आणि ते दोघं अजून घरीच जेवत असतात. शहानूरला वनखात्याचं गेट. नरनाळा अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचाच भाग, त्यामुळे पावती फाडावी, नियम विचारून घ्यावेत, अंधाराआधी खाली यावं. वाघ असलेल्या जंगलात हे सगळं रास्तच आहे. फक्त एक गंमत बघा. अंधाराआधी गड सोडा, असं एक खातं बजावतं. गड सोडून जाणार कशानं, ते दुसऱ्या खात्याला माहीत. दोन्ही खाती सरकारचीच. दोघांची गाठ कधी पडत नाही, बहुधा दोघांनाही वेळेवर गाडी मिळत नसावी.

मेळघाटाच्या आतल्या भागात तर पायी फिरायला मनाईच आहे. जिप्सी करा, गाइड घ्या. त्यावरही एसटीकडे उतारा आहे. परतवाड्याहून धारणीची गाडी सेमाडोह, हरिसाल करत जंगलाच्या पोटातूनच जाते. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला हा एक. सफारीला येणारे उघड्या गाडीत, टोप्या घालून, श्वास रोखून बसतात. लाल गाडीत कोरकू आजी बोचकं मांडीवर घेऊन खिडकीशी डुलकी काढत असते. तिला जंगल दाखवायचं म्हणजे मालकाला त्याचंच घर दाखवण्यासारखं आहे.

‘वऱ्हाडात ट्रेकिंगचं कल्चरच नाही हो,’ असं कोऱ्या बुटांचे लोक उसासा टाकून म्हणतात. श्रावणात यांनी अकोला–अकोट रस्त्यावर उभं राहावं. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराकडे रात्रभर अनवाणी चालणारी पोरं बघावीत. शेगावच्या वाटेवर पहाटे निघणारी पायदळ दिंडी बघावी. पचमढीला नागद्वारच्या यात्रेत पावसात, निसरड्या कड्यावरून चढणाऱ्या अमरावतीच्या मावशा बघाव्यात. पिशवीत भाकरी, ठेचा आणि नातवाचं स्वेटर. महाशिवरात्रीला मोर्शीजवळच्या सालबर्डीला छोट्या महादेवाच्या गुहेपर्यंत डोंगर तुडवणारी माणसं मोजायला बसलात तर तुमचं ॲप थकेल. यांच्याकडे ट्रेकिंग पोल नाही, काठी आहे. हायड्रेशन पॅक नाही, बिसलेरीची जुनी बाटली आहे. म्हणून त्यांना भाविक म्हणायचं आणि आपण ट्रेकर.

आणि इथंच खरी मेख आहे. या यात्रांना एसटी जादा गाड्या सोडते. सालबर्डीला सोडते, श्रावणात धारगडच्या डोंगराला सोडते. तेव्हा घाट अरुंद नसतो, उत्पन्न कमी नसतं, ड्रायव्हरचा तुटवडा नसतो. सकाळी डोंगराकडे आणि संध्याकाळी तालुक्याकडे, अगदी आपल्याला हवी तशी फेरी होते. म्हणजे उलटं वेळापत्रक छापता येतं. मशीनही तेच, डेपोही तोच. फरक एवढाच की देवाला जाणाऱ्याचं चालणं हे काम आहे आणि बिनदेवाचं चालणं हा रिकामटेकडेपणा.

स्वित्झर्लंडची पिवळी टपालबस डोंगरातल्या गावाला जाते आणि थांब्यापाशीच पिवळी पाटी असते, ही वाट अमुक तासांची. बर्फ त्यांचा त्यांनाच राहू द्या, पाटी तेवढी आणता आली असती. आपल्याकडे फाट्याफाट्यावर फलक आहेतच. त्यावरच्या भावी आमदारांच्या छातीखाली ‘शहानूर १८ किमी, शेवटची गाडी ५ वाजता’ एवढी ओळ मावली तर वाढदिवसाला काही कमीपणा येणार नाही. आकडे खरे घालावेत, एवढीच विनंती.

मागणी फार नाही. पाऊस उघडल्यापासून थंडी सरेपर्यंत रविवारी एकच गाडी. सकाळी सातला अकोटहून शहानूरला, संध्याकाळी पाचला तिथून परत. उन्हाळ्यात नको, पारा ४५ च्या वर गेला की वऱ्हाडात माठसुद्धा जागचा हलत नाही. नियमात बसत नाही म्हणाले, तर यात्रेची जादा गाडी म्हणून अर्ज करा. अर्जात देवस्थानाचा रकाना असेल तिथं ‘महाकाली, नरनाळा’ असं ठळक लिहा. ती मूर्ती नाही, गडाचा दरवाजा आहे, हे पाहायला साहेब स्वतः आले तर उत्तमच. त्यांच्यासाठी तरी परतीची गाडी सुटेल.