फेरफार मामा

विकत आणलेली वस्तू आधी वापरून बघावी, असं तुम्हाआम्हाला वाटतं. मामांना ती आधी उघडून बघावीशी वाटते. खोक्यातून काढल्या काढल्या ते तिला पालथी घालतात, स्क्रू कुठं कुठं आहेत ते बोटानं चाचपतात आणि म्हणतात, "ह्यात थोडं करावं लागतंय." हे 'थोडं' सुरू झालं की हमीचा कागद चुलीत जातो, कंपनीचा जीव सुटतो आणि मामींचा अडकतो.

अख्खं नायगाव त्यांना फेरफार मामा म्हणतं. तलाठ्याकडं होतो तो फेरफार वेगळा, आणि खरं सांगायचं तर तो तेवढा मामांचा अजून झालेला नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच. घरातल्या कूलरपासून कुकरपर्यंत सगळ्यांचा फेरफार झाला, जमिनीचा राहिला. कुणी विचारलं तर मामा म्हणतात, "त्याच्यात काय मजा हाय? नुसती सही करायची."

मी कधी कधी मामांची बाजू घेतो. जे आहे त्यावर न थांबण्याची खोड ह्या मातीतच आहे. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, मग हैदराबाद राज्याचा, 1956 ला द्विभाषिक मुंबईचा आणि 1960 ला महाराष्ट्राचा. नायगाव आधी बिलोली तालुक्यात होतं, पुढं स्वतःच तालुका झालं. जागेवरून न हलता ज्यांच्या आजोबांनी एवढी राज्यं पाहिली, त्यांच्या नातवानं धुण्याचं यंत्र आहे तसं का ठेवावं?

त्या यंत्राचं सांगतोच. आमच्याकडं हळद होते. शिजवून वाळवली की तिला पॉलिश करावं लागतं. त्यासाठी फिरता ड्रम असतो आणि त्याला नंबर लावावा लागतो. मामांनी विचार केला, आपल्या घरात फिरता ड्रम आहे की. दोन पायल्या हळद यंत्रात घातली. हळदीला पॉलिश आलं नाही, पण यंत्राला आलं. त्या वर्षभर त्या घरातून जो जो बाहेर पडला त्याचं बनियन बघून लोक विचारत, "लगीन कुणाचं हाय गा?" मामींच्या एका पांढऱ्या साडीबद्दल मात्र अजूनही त्या घरात बोलायचं नसतं.

एम-80 चं इंजिन फवारणीच्या पंपाला, कूलरचा पंखा तूर उफणायला, असे बाकीचेही प्रयोग आहेत. ते सोडून देतो. पण एका कामात मामांचा हात कुणी धरत नाही. तिन्ही फेज मिळत नसताना विहिरीवरची थ्री फेजची मोटर कंडेन्सर लावून सिंगल फेजवर फिरवायची असेल, तर मामाच लागतात. रात्री दोनला लोक त्यांना उठवून नेतात, अन् मामा धोतर सावरत, तोंडात बॅटरी धरून जातात. मोटर चालते, भुईमूग भिजतो. तेव्हा त्यांना फेरफार मामा कुणी म्हणत नाही, 'मामासाहेब' म्हणतात. सकाळी उजाडलं की परत फेरफार.

सांगायची आहे ती खरं तर मामांच्या बंदुकीची गोष्ट. तिचा उगम माळेगावच्या जत्रेत. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या ह्या जत्रेला मार्गशीर्षात सगळा जिल्हा लोटतो, घोडे बघायला, गाढवांचे भाव ऐकायला, लावणीला. मामा थांबले फुगे फोडायच्या दुकानापुढं. तिथल्या बंदुकांची नळी इतकी झिजलेली असते की छर्रा तिच्यातून सुटत नाही, निसटतो. आणि नेम धरायची माशी दुकानदाराच्या सोयीनं बसवलेली असते. मामांचा एकही फुगा फुटला नाही. दुसरा कुणी असता तर नेमाला नाहीतर दुकानदाराला बोलला असता. मामांनी नळीत एक डोळा घालून बघितलं आणि निदान केलं, "बोअर बारीक हाय."

पुढच्या महिन्यात नांदेडहून हवेची बंदूक घरी आली. निमित्त वानरांचं. हरभऱ्यात वानरं येतात हे खरं, पण 1972 च्या कायद्यानं वानराला वन्यजीव म्हणून संरक्षण आहे आणि त्याच्याही आधीपासून मारुतीचं आहे. म्हणजे छर्रा लागलाच तर आधी वनखातं दारात येणार आणि मागोमाग भजनी मंडळ. "आवाजापुरती आणलीय," असं मामांनी दोघांनाही आधीच सांगून टाकलं.

आली ती साडेचार मिलिमीटरची. बंदूकवाले तिला पॉइंट वन सेवन सेवन म्हणतात. तिची थोरली बहीण साडेपाचाची, तिला पॉइंट टू टू म्हणतात. मधे फरक एक मिलिमीटरचा. त्या एका मिलिमीटरवर मामांनी अख्खा उन्हाळा घालवला. साडेपाचाचीच आणायची होती की, असं मी म्हणालो, तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "इकत तर कुणीबी आणतंय."

मामा साडेचाराची साडेपाचाची करणार, ही बातमी नरसी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात पोचली तेव्हा तिथं एक निवृत्त जमादार बसलेले होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मामा, 2016 चे नियम हायेत. साडेचार मिलिमीटरची नळी अन् वीस ज्यूलची ताकद, एवढ्यात ऱ्हायलात तर परवाना नको. त्याच्यापुढं सरकलात की परवाना."

"एका मिलिमीटरनं मी गुन्हेगार?"

"व्हय. अन् ठिवायलाच न्हाई, कराया बी परवाना लागतो. 1959 चा कायदा, कलम पाच. बनवणं, इकणं, दुरुस्त करणं, अन् रूपांतर करणं. सगळं लिवलंय."

आपण जन्मभर जे करत आलो त्याला संसदेनं एक स्वतंत्र शब्द राखून ठेवलाय, हे ऐकून मामांना अपमान वाटायच्या ऐवजी मान मिळाल्यासारखं झालं. "मी करत न्हाई हो," ते म्हणाले, "मी नुस्तं उघडून बघणाराय." मामा कायदा मोडत नाहीत. उघडून बघतात. पुढचं आपोआप होतं.

घरात विरोधी पक्ष एकच, दहावीतली नात.

"आबा, काय करलालाव?"

"साडेचारचं साडेपाच करलालो. छर्रा मोठा, म्हणजे मार मोठा."

नातीनं वहीचं मागचं पान काढलं. साडेचारचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. समजा तो सेकंदाला दोनशे मीटरनं सुटला. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, झाले दहा ज्यूल. हे दहा ज्यूल येतात कुठून? स्प्रिंगमधून. आपण नळी मोडून स्प्रिंग दाबतो, घोडा ओढला की ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला, हवा छर्ऱ्याला. आता साडेपाचाचा छर्रा ठेवा, पाऊण ते एक ग्रॅमचा. स्प्रिंग तीच, म्हणजे ज्यूल जवळजवळ तेच. वेग उतरला दीडशेवर. "आबा, मार तेवढाच. नुस्ता छर्रा दमणाराय."

मामा वहीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग स्प्रिंग बदलू."

ह्याला म्हणतात जातिवंत फेरफारवाला. गणितानं त्याची वाट अडत नाही, त्याला नवं काम मिळतं.

त्याच पावसाळ्यात, 1 ऑगस्ट 2024 ला, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य पदक मारलं. पन्नास मीटर, थ्री पोझिशन. टीव्हीवर कुणीतरी बंदुकीचा बोअर सांगितला आणि मामा बाजेवरून उठले. "बघ! पॉइंट टू टू! मी काय म्हणत होतो?"

"आबा, ती हवेची न्हाई. काडतुसाची हाय."

"बोअर तर तोच की!"

"अन् मनू भाकरचं पिस्तूल? ते हवेचं, अन् साडेचारचंच. त्याच्यावर तिनं दोन पदकं आणलीत ह्याच पॅरिसातून. 2008 ला अभिनव बिंद्राचं सोनं, ते बी साडेचारच्याच रायफलीवर."

"त्यांनी साडेपाचाची केली असती तर…" मामांनी वाक्य अर्धवट सोडलं. ऑलिंपिकमध्ये दहा मीटरला दुसरा बोअर चालतच नाही, हे नातीनं सांगितलं, पण तोवर मामा पाना शोधायला आत गेले होते.

आता जे झालं ते मी स्वतः बघितलं. स्प्रिंगच्या बंदुकीत स्प्रिंग सैल बसलेली नसते, आधीच दाबून कोंबलेली असते. मागची पिन काढणाऱ्याला हे माहीत असावं लागतं. मामांना ते पिन काढल्यावर कळलं. ठण्ण असा आवाज झाला, मामांची टोपी उडाली आणि स्प्रिंग माडीच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर गेली. नायगावच्या इतिहासात त्या बंदुकीनं केलेला एवढाच अचूक आणि जोरकस मार. शेजारच्या वाड्यातून आवाज आला, "मामा, तुमचं काहीतरी आमच्या वाळवणात आलंय." पापडाच्या बरोबर मधोमध ती उभी होती.

स्प्रिंग परत आली. दट्ट्याचं चामडी वायसर सुकलंय असं मामांना वाटलं, म्हणून त्यांनी ते करडईच्या तेलात रात्रभर भिजवलं आणि बसवताना वर आणखी दोन पळ्या ओतल्या. सकाळी ओसरीवरून पहिला बार काढला. फाडकन मोठा आवाज झाला, नळीतून निळा धूर निघाला आणि भजी तळल्याचा वास सुटला. आम्ही सगळे मागं सरलो. मामा मात्र हरखून गेले. नातीनं नाक धरून सांगितलं की हवा एकदम दाबली की तापते, तिच्यात तेलाची वाफ असेल तर ती पेटते, डिझेलचं इंजिन असंच चालतं. तिनं हे सांगितलं घाबरवायला. मामांनी ऐकलं ते एवढंच, की आपण हवेची बंदूक डिझेलवर आणली. तेही करडईच्या. दुपारपर्यंत ही बातमी कुंटूरपर्यंत गेली होती आणि पेट्रोल पंपावरचा एक माणूस किती ॲव्हरेज देते ते विचारून गेला.

राहिली नळी. ती घेऊन मामा फाट्यावरच्या लेथवर गेले. लेथवाल्यानं नळी बघितली, जमादार बसतात त्या हॉटेलाकडं बघितलं आणि म्हणाला, "मामा, ट्रॅक्टरचं काहीबी आणा, नांगर आणा. हे नगं." त्याचं बरोबरच होतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, नळी म्हणजे काही नुसतं भोक नव्हे. तिच्या आतून पिळाच्या बारीक खाचा असतात. डमरूसारखा, मधे कंबर असलेला तो छर्रा त्या खाचांना घासत गरगर फिरत बाहेर पडतो, आणि फिरतो म्हणून सरळ जातो. भोक मोठं केलं की पहिल्यांदा त्या खाचा जातात.

हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण माहिती आणि खाज ह्यांत खाज थोरली. घरच्या ड्रिल मशीनला बिट आखूड होता, म्हणून त्यांनी एका बाजूनं अर्ध्यापर्यंत पाडलं आणि मग नळी उलटी करून दुसऱ्या बाजूनं. दोन्ही भोकं मधे भेटणार होती. भेटली नाहीत. शेजारून गेली. मधोमध एक पायरी पडली, तिथं साडेपाच सोडा, धड साडेचारही राहिलं नाही. छर्रा घातला तर आत जाई आणि तिथंच मुक्काम करी. गजानं ठोकून काढावा लागे.

जमादार स्वतः होऊन बघायला आले. त्यांनी नळी डोळ्याला लावली, आभाळाकडं धरली, फुंकून बघितली, आणि सरकारी आवाजात निकाल दिला. "मामा, आता काळजी करू नका. ह्याला परवाना लागत न्हाई. हा पाइप हाय."

मामा दोन दिवस जेवले नाहीत असं मामी सांगतात. मला ते खरं वाटत नाही, कारण तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन नीट मांडी घालून बसले होते. मामी चुलीपुढं होत्या. ओलं सरपण धुमसत होतं. मामींनी उतरंडीमागून फुंकणी काढली, चुलीत धरली आणि गाल फुगवले. बारीक भोकातून हवेचा असा नेमका झोत गेला की निखारा फटकन फुलला आणि तव्याखाली जाळ उभा राहिला. फुंकणीला एका टोकाला बंदुकीची माशी अजून तशीच होती.

"बेस चाललीय," मामी म्हणाल्या. "पहिलीचं भोक लई रुंद होतं. हिचा वारा जिथं पाहिजे तिथंच लागतोय."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी फुंकणीकडं मान वाकडी करून बघितलं. "त्याचं पुढचं तोंड जरा…"

"हात लावून तर बघा," मामी म्हणाल्या.