खिरापत फुटू नये म्हणून

भोंडल्याच्या तयारीत बहुतेक मंडळी पाटावरचा हत्ती, गाण्यांच्या झेरॉक्स आणि साड्यांचे रंग यांवर वेळ घालवतात. हे सगळे दुय्यम आहे. हत्तीची सोंड आखूड झाली म्हणून फेर धरायचा राहत नाही. पाटावर डुक्कर निघाले आहे असे बालगोपाळांचे एकमत झाले, तरी गाणी सगळी होतात. भोंडला फसतो तो एकाच ठिकाणी. शेवटचे गाणे संपते, मुली डब्याभोवती कोंडाळे करतात, ‘ओळखा’ म्हणायचा अवकाश, की मागून एक बारीक आवाज येतो, “वेफर्स.” खेळ खलास. प्रस्तुत मार्गदर्शन ही दुर्घटना टाळू इच्छिणाऱ्या गृहिणी, गृहस्थ, सांस्कृतिक समिती सदस्य आणि ज्यांना या समितीत न विचारता घेतले गेले आहे अशा सर्वांसाठी आहे.

कार्यक्षेत्राबद्दल थोडक्यात. पुण्या-मुंबईकडे भोंडला, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुक्कामाला असते. हादगा सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस बसतो. शहरी भोंडला नवरात्रात होतो आणि त्यातही ज्या दिवशी कोणाची मीटिंग नाही त्या दिवशी होतो. खिरापत आणि ती ओळखायची अट मात्र सगळीकडे लागू. हादग्यात काही ठिकाणी चढता हिशेब पाळतात: पहिल्या दिवशी एक गाणे, एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, सोळाव्या दिवशी सोळा. ज्यांना बेरजेची हौस आहे त्यांच्यासाठी, एकूण खिरापती 136. केटररला ऑर्डर देऊन हा आकडा गाठायचा तर सोळाव्या दिवशी हत्तीसकट पाटही विकावा लागेल. तेव्हा त्या पंधरवड्यात परसात, शेतात आणि बाजारात जे ढिगाने येते, त्यातूनच खिरापत काढायची, हे ही पद्धत घालून देणाऱ्या बायकांनी गृहीतच धरलेले होते.

आता पहिला नियम. पाकीटबंद वस्तू वर्ज्य. यामागे आरोग्याचा विचार आहे असा कृपया कोणी गैरसमज करून घेऊ नये. कारण निव्वळ डावपेचाचे आहे. पाकीट वाजते. वाजले नाही तरी जाहिरातीतले असते, आणि जाहिरातीतले सगळे आठ वर्षांच्या मुलीला तोंडपाठ असते. चिप्स, केक, क्रीमची बिस्किटे, चॉकलेट ही यादी ती एका दमात म्हणून टाकते आणि पाचव्या नावाच्या आत तुम्ही सापडता. त्याच मुलीला ‘तवसाळी’ सुचायची शक्यता जवळजवळ नाही. बाजारात ज्याला पाकीट नाही, ते ओळखायला अवघड. आणि ज्याला पाकीट नाही ते बहुधा स्वस्तही असते. हा योगायोग आपल्या पथ्यावर पडणारा असल्याने त्याची चर्चा करू नये.

दुसरा नियम पहिल्याहून कडक. ‘पौष्टिक’ हा शब्द मैदानात काढायचा नाही. कोरड्या शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम प्रथिने असतात ही माहिती तुमच्याजवळ असेल, तर ती तुमच्याजवळच ठेवा. मुलांना हे कळले की त्याच क्षणी शेंगा औषधात जमा होतात.

साहित्य निवडताना मंडईत एक फेरी मारावी, आणि ती यादी न घेता मारावी. खरिपाच्या ओल्या शेंगा मातीसकट आलेल्या असतात. रताळी नवरात्रासाठीच आल्यासारखी रचलेली असतात. काकड्या, मक्याची कणसे, सीताफळे, शिंगाडे, लाल भोपळे. हादग्याची फुले मिळाली तर सोडू नयेत. पांढरी, चंद्रकोरीसारखी वाकलेली ही फुले आतले पुंकेसर काढून टाकून (तेच कडू असतात) बेसनात बुडवली की भजी अशी होतात की खाणाऱ्याला मासा, पनीर की केळे हे शेवटपर्यंत कळत नाही. हादग्याला हादग्याचीच भजी ठेवणे ही गोपनीयतेची कमाल आहे, कारण ते कोणाच्या डोक्यातच येत नाही.

लाल भोपळा अख्खा घ्यावा. चिरलेली फोड किलोमागे महाग पडते. अख्खा भोपळा चार माणसांच्या घरात संपता संपत नाही, म्हणून चार घरांनी मिळून एक घ्यावा आणि तो कोणाच्या दारात चिरायचा हे आधी ठरवावे. सोसायटीतले वाद पार्किंगखालोखाल इथेच होतात. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडे तांदळाचे पीठ, मीठ-वेलदोडा, वर खसखस थापून तळायचे. झाले घारगे. पानात भोपळ्याची भाजी दिसताच ज्याला अचानक पोटदुखी सुरू होते तोच मुलगा पाचवा घारगा मागताना दिसेल. त्याला तेव्हा काही सांगू नये. लग्नात सांगावे.

कोकणात आणि गोव्यात जून, पिवळी पडलेली काकडी किसून गूळ, रवा, ओले खोबरे घालून तवसाळी करतात, तिचा वर उल्लेख आलाच आहे. ‘गोड आहे’ असा धडधडीत खरा दाखला देऊनही समोरचा काकडीपर्यंत पोचत नाही. तळण मात्र आठवड्यात एकदाच असू द्यावे. शरद म्हणजे पित्त खवळण्याचा काळ. या ऋतूला जुन्या लोकांनी वैद्यांची आई म्हटले आहे ते उगाच नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात रोज भाजणीचे वडे घातलेला भोंडला दवाखान्यात विसर्जित होतो.

आता ज्या खिरापतीवर एखाद्या घराची इभ्रत ठरते, त्या वाटल्या डाळीकडे वळू. अर्धा किलो हरभराडाळ खिरापतीच्या वाटणीने वीस-पंचवीस जणांना पुरते. रात्री भिजत घालावी. सकाळी पाणी पूर्ण निथळून, हिरव्या मिरच्या आणि जिरे घालून जाडसर वाटावी. वाटताना पाणी घालण्याचा मोह होतो, मिक्सरही तशी मागणी करतो. दोघांचे ऐकू नये, पाणी घातले की पिठल्याच्या दिशेने प्रवास सुरू होतो. फोडणीला तेल सढळ हाताने घ्यावे. इथे काटकसर केली की डाळ घशात बसते, आणि दहा गाणी म्हणून आलेला घसा आधीच कोरडा असतो. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता; मग डाळ; मग मंद आचेवर झाकण ठेवून वाफा, मधून मधून उलथन्याने मोकळी करत, लागलाच तर पाण्याचा हबका. उलथने कढईला घासताना सुरुवातीला ‘चप् चप्’ वाजते आणि डाळ शिजून मोकळी झाली की ‘खर्र खर्र’. हा आवाज बदलेपर्यंत फोन घेऊ नये. शेवटी मीठ, चिमूटभर साखर, लिंबू.

खोबरे आणि कोथिंबीर घालायची ती डबा खाली न्यायच्या वेळी. या हवेत ओले खोबरे घालून दिवसभर ठेवलेली डाळ संध्याकाळी झाकण उघडायच्या आतच स्वतःला ओळखू देते.

सगळ्यात मोठा धोका हिंगाचा. संध्याकाळी पाच वाजता जिन्यात हिंगाची फोडणी दरवळली की दुसऱ्या मजल्यावर तुमची डाळ फुटलीच म्हणून समजा. म्हणून फोडणी सकाळी अकराच्या आत उरकावी. त्या वेळी सगळ्याच स्वयंपाकघरांत फोडण्या चाललेल्या असतात आणि तुमचा हिंग गर्दीत हरवून जातो.

डब्याचे शास्त्र वेगळे आहे. स्टीलच्या डब्यात शेंगा खुळखुळतात, लाडू गडगडतात. मुली डबा हलवणारच. तो त्यांचा हक्क आहे. शेंगा असतील तर डब्यात आधी जाड नॅपकिन अंथरावा. अनुभवी बायका डब्यात वर एक रिकामी वाटी ठेवतात आणि ती वाजू देतात.

मग चौकशी सुरू होते. इथे एकच पथ्य: खोटे बोलायचे नाही. बाकी सर्व चालते.

“गोड आहे?”

“थोडं.”

“लाडू!”

“थोडं म्हटलं मी.”

“कोरडं की ओलं?”

“मधलं.”

“काकू, मधलं असं काही नसतं.”

“पिवळं आहे?”

या प्रश्नाला काकूंनी आकाशाकडे बघून ‘आज हत्तीचा पाऊस येणार बहुतेक’ असे म्हणावे. हस्तातल्या पावसाबद्दलचे विधान कधीच पुरते खोटे ठरत नाही. मुली हार मानतील तेव्हाच झाकण उघडावे, आणि ‘हरलो’ हा शब्द सर्वांनी मोठ्याने उच्चारल्याशिवाय हार ग्राह्य धरू नये.

गुपित फुटण्याच्या वाटा तीन. पहिली, सोसायटीचा व्हॉट्सॲप गट. कढईचा फोटो टाकण्याची ऊर्मी रात्री नऊपर्यंत आवरावी. दुसरी, नारळ खवायला बसवलेले नवरे. भोंडल्याच्या गाण्यांतला वेडा करंजीला होडी समजून पाण्यात सोडतो. प्रत्यक्षातले नवरे तितके निरुपद्रवी नसतात, ते खवलेल्या नारळाचा उपयोग काय हे लिफ्टमध्ये सांगून येतात. तिसरी वाट सगळ्यांत धोकादायक: आज्या. आजी खिरापत विचारत नाहीत. त्या फक्त, “मला चावेल ना गं?” एवढेच विचारतात, आणि तुम्ही दयेपोटी “हो आजी, मऊ आहे” म्हणालात की चिक्की, शेंगा, कडक वडी, भाजकी डाळ एका फटक्यात बाद. या प्रश्नाला “तुमच्यासाठी वेगळी वाटी ठेवली आहे” असे उत्तर द्यावे. मग वेगळी वाटी खरोखर ठेवावी लागते, हे ध्यानात असू द्या.

नवरात्र असल्याने उपासाचे कलम लागतेच. उपासाला कोथिंबीर चालते का, जिरे चालते का, याबाबत एकाच मजल्यावरच्या तीन घरांत चार मते असतात, आणि ती बदलण्याचा अधिकार फक्त गावाकडच्या सासूबाईंना असतो. वाद नको असेल तर उकडलेली रताळी, मीठ घालून उकडलेल्या शेंगा किंवा राजगिऱ्याचे लाडू ठेवावेत. यांच्याविरुद्ध अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही. गंमत अशी की रताळे, शेंगदाणा, बटाटा, मिरची, इतकेच काय साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय जहाजांबरोबर इकडे आलेली. पिढ्यानपिढ्या इथे पिकणाऱ्या गव्हाला आपण उपासाला दाराबाहेर उभे करतो आणि या पाहुण्यांना देवघरापर्यंत नेतो. हा मुद्दा फेराच्या मधोमध मांडू नये. मांडलाच, तर पुढच्या वर्षी समितीतून सुटका होते, हा एक फायदा.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी एक पुरवणी. तिथे भोंडला शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये होतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल फेरात असू शकते, म्हणून दाणे असलेली खिरापत ‘ओळखा’ म्हणून देऊ नये. तिथे गुपितापेक्षा डब्यावरची साहित्याची चिठ्ठी मोठी. दाण्यांऐवजी लाल भोपळा घ्यावा, तो त्या दिवसांत तिकडे दुकानाबाहेर ढिगाने असतो. फक्त नक्षीकाम करायचे भोपळे पाणचट असतात, खायचा वेगळा मागून घ्यावा.

कोजागिरीला ओळखण्यासारखे काही नसते. मसाला दूधच असणार हे गच्चीलाही माहीत असते. एक लिटर दूध आटवून सहा-सात छोटे पेले होतात, त्या हिशेबाने वर्गणी काढावी. आटवण्याचे काम ज्याला गप्पा मारायला आवडते त्याला देऊ नये. जोडीला भेळ असावी आणि कांदा आयत्या वेळी चिरावा.

राहता राहिले डबे. खिरापतीचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चार शेंगा तरी घालतात. त्यामुळे डबे आठवडाभर या दारातून त्या दारात फिरत राहतात आणि कोणाचे झाकण कोणाच्या डब्यावर बसले याचा छडा लागत नाही. झाकणाच्या तळाशी नेलपॉलिशने आडनाव घालावे. एकाच मजल्यावर तीन कुलकर्णी असतील तर फ्लॅट क्रमांक घालावा. तरीही झाकण बदलले, तर तक्रार कोजागिरीच्या आत नोंदवावी. त्यानंतर फराळाच्या डब्यांची ये-जा सुरू होते आणि तोपर्यंत ते झाकण चकल्यांसकट चिंचवडला गेलेले असते.