पहिला धक्का खेळणाऱ्यालाच का?

जुलै २०१५मध्ये विंडोज १०सोबत डायरेक्टएक्स १२ आलं, गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारा मायक्रोसॉफ्टचा इंटरफेस. पाठोपाठ फेब्रुवारी २०१६मध्ये, एएमडीच्या मँटल या इंटरफेसच्या पायावर उभं राहिलेलं व्हल्कन. दोघांचा शब्द एकच होता: प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतील, ग्राफिक्स कार्डाची ताकद वाया जाणार नाही. शब्द खोटा नव्हता. त्याच वर्षी ‘डूम’ला व्हल्कनचा पॅच मिळाला आणि एएमडीच्या कार्डांवर फ्रेम्स झपाट्यानं वाढल्या. पण तो गेम आयडी सॉफ्टवेअरचा. यंत्राच्या पोटातलं कळणारी माणसं ती.

बाकीच्यांनी काय केलं? डायरेक्टएक्स ११मध्ये मेमरी सांभाळायची, कामांचा मेळ घालायचा ही बरीचशी उस्तवार ड्रायव्हर करायचा. नव्या इंटरफेसनं ती गेम बनवणाऱ्यांच्या हाती दिली. त्यांनी अधिकार घेतला आणि कष्ट खेळणाऱ्याच्या माथी मारले.

दार उघडून नव्या खोलीत शिरा. पहिल्यांदाच ठिणग्या उडतात आणि गेम थबकतो, कारण त्या ठिणग्यांचा शेडर, म्हणजे त्या पडद्यावर रंगवणारा छोटा प्रोग्राम, तुमच्या कार्डासाठी नेमका त्याच क्षणी कंपाइल होत असतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. कंपाइलला त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. परत त्याच दारातून जा, सगळं सुरळीत. ड्रायव्हर अपडेट करा, पुन्हा तेच धक्के. डिसेंबर २०२२मध्ये ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ पीसीवर असाच अडखळत आला, तोही पूर्ण किमतीला.

त्याच वर्षीचा ‘एल्डन रिंग’ तर क्षणाचा हिशेब मागणारा गेम. लोळण घ्यायला पापणीभर उशीर झाला की मेलात. तोही पीसीवर अडखळत होता. लिनक्सवर चालणाऱ्या स्टीम डेक या हँडहेल्डवर त्याचे धक्के कमी केले ते डेक बनवणाऱ्या वाल्व्हच्या लोकांनी, डायरेक्टएक्सचं व्हल्कन करणाऱ्या थरात मेमरीची व्यवस्था सुधारून. गेम फ्रॉमसॉफ्टवेअरचा, इंटरफेस मायक्रोसॉफ्टचा, आणि डागडुजी लिनक्सवाल्यांनी करायची! हे लाजिरवाणं आहे.

कन्सोलवर हार्डवेअर ठरलेलं, म्हणून तिथं शेडर आधीच तयार मिळतात. पीसीवर कार्डांचे प्रकार अगणित, ही अडचण खरी आहे. मग गेम सुरू होण्याआधी कंपाइल करून घ्या ना. अर्धा तास थांबायला माझी हरकत नाही, पण ऐन लढाईत हात बांधू नका. डाउनलोडसोबतच तयार शेडर देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं आणली ती २०२५मध्ये, आणि सुरुवात केली आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय या हँडहेल्डपासून. डायरेक्टएक्स १२ला तोवर दहा वर्षं झाली होती.

परीक्षणं लिहिणाऱ्यांनाही सांगणं आहे. सरासरी एफपीएसच्या आकड्यात हे धक्के दिसत नाहीत, आणि बेंचमार्क दुसऱ्यांदा चालवला की ते गायबच होतात. शेडर कॅशे, म्हणजे आधी कंपाइल होऊन साठलेले शेडर, पुसा, गेम पहिल्यांदा चालवा आणि त्या पहिल्या फेरीचा आलेख छापा. विकत घेणारा तीच फेरी खेळणार असतो.