झाकणआबा

गावात त्यांना झाकणआबा म्हणतात. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं आबा. अर्धापूरच्या शिवारात थोडी केळी, थोडी हळद, उरलेल्यात सोयाबीन आणि कपाशी. इसापूर धरणाचं पाणी, काळी जमीन आणि आबांचा आत्मविश्वास, यांपैकी कशाचीच वाण नाही.

आबांना मापातलं कळत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. हळद मोंढ्यात नेली की कांडी वेगळी, गट्टू वेगळा, आणि काटा आधी शून्यावर आलेला दाखवा, मगच पोतं चढवा. व्यापाऱ्यानं क्विंटलमागे किलोभर कट्टी धरली तर आबा पोत्यावर बसतात ते उठत नाहीत. केळीचा माल भरताना घडाच्या दांड्याचं वजन किती धरायचं, यावरून त्यांनी गाडी संध्याकाळपर्यंत अडवून ठेवलेली गावानं पाहिली आहे. असा हा ग्रॅमाग्रॅमाचा माणूस, विषाची बाटली हातात आली की एकदम दानशूर होतो.

"किती टाकायचं, आबा?"

"एक झाकण."

"अन् अळी लई असली तर?"

"मंग दोन. त्याला काय इच्यारायलास?"

हे झाकण पंपाच्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेलं असतं. ते मुळात कोणत्या बाटलीचं, हे आता आबांनाही सांगता येत नाही. बाटल्या बदलल्या, कंपन्या बदलल्या, झाकण कायम. क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के, ज्याचा उच्चार आबा 'ते क्लोरचं' एवढ्यावर आटोपतात, 10 लिटर पाण्याला 3 मिली लागतं. हळदीच्या कंदमाशीवर परभणीचं कृषी विद्यापीठ क्विनालफॉस 25 टक्के सांगत आलं, ते 10 लिटरला 20 मिली. आबांच्या दरबारात दोघांना न्याय सारखाच. झाकण 10 मिलीचं धरलं, तर पहिलं तिपटीहून जास्त पडतं आणि दुसरं निम्मं. अळीनं दाद दिली नाही की औषध डुप्लिकेट, आणि पीक करपलं की ऊन जास्त.

बाटलीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हा विषारीपणाचा उतरता क्रम. आबांनी तो पॉवरचा क्रम म्हणून पाठ केला आहे. कृषी केंद्रात गेले की ते औषधाचं नाव घेत नाहीत. "लालवालं दे. हिरव्यानं काय व्हतं? अळी न्हाऊन घेती." बाटलीसोबत बारीक अक्षरातलं माहितीपत्रक येतं. मराठीतही असतं. आबा ते टाकून देत नाहीत, त्यात तंबाखू बांधतात.

एकदा त्यांनी शेतकरी मेळाव्यात सल्ला ऐकला होता, की दिलेली मात्रा साध्या पंपाची आहे, पॉवर पंपाला ती तिप्पट करावी. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून तेवढ्या पाण्यात औषध जास्त. एकरी औषध दोन्हीकडे सारखंच, हा त्यातला हिशोब. आबांच्या कानात फक्त 'तिप्पट' राहिलं. पॉवर पंप त्यांच्याकडे नाही. पण तिप्पट आहे.

पंपही एकच. ज्याने जूनमध्ये तणनाशक मारलं, त्यानेच जुलैत कपाशीवर कीटकनाशक. मधे धुणं म्हणजे पाणी घालून दोनदा हलवणं. टू-फोर-डी या तणनाशकाचा नुसता अंश राहिला तरी कपाशीची पानं आक्रसून भेंडीच्या पानासारखी होतात. तशी ती झालीच. आबांनी धुऱ्यावर उभं राहून निदान केलं, "व्हायरस हाय." आणि त्या व्हायरसवर आणखी एक झाकण दिलं.

नोझल तुंबलं की आबा ते काढून तोंडानं फुंकतात, थुंकतात आणि त्याच हातानं तंबाखू मळायला घेतात. कुणी हातमोज्यांचा विषय काढला की, "चाळीस साल झाले, मला काय झालं?" बिनपाण्याचं मूळ औषध हातावर सांडलं की ते कातडीतून आत जातं, घामेजलेल्या अंगातून तर लवकरच, म्हणून सगळ्यात जास्त जपायचं ते औषध ओतताना, हे त्यांना पटत नाही. कारण ओततानाच ते सगळ्यात खुशीत असतात.

आबांना पहिला विरोध झाला तो शेतात नव्हे, अंगणात. सुनेच्या गुलाबावर मावा पडला, शेजारी कढीपत्ता. आबा तांब्याभर पाणी आणि झाकण घेऊन निघाले, तर सून आडवी उभी.

"मामा, कढीपत्ता रोज फोडणीत जातो."

"मंग धुऊन घे की."

तिनं त्यांना झाडाला हात लावू दिला नाही. घरच्या निंबोळ्या कुटून, लिटरला 50 ग्रॅम या हिशोबानं रात्रभर भिजवल्या, सकाळी फडक्यातून गाळल्या आणि तो पाच टक्के अर्क फवारला. शेतासाठी मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणून दिली.

"कोणाला टोचायचंय?"

"कोणालाच नाही, मामा. तीन मिली मोजायचंय."

आबांनी सिरिंज स्वीकारली. आता ती त्यांच्या खिशाला पेनासारखी असते आणि गावाला ते मापाचं महत्त्व सांगत फिरतात. सिरिंजनं बरोब्बर 3 मिली घेतात, डोळ्यांसमोर धरून बुडबुडा काढतात, पंपात सोडतात. आणि वरून एक झाकण.

इथवर हसायला हरकत नाही. पण पंप आबांच्या पाठीवर नसतो. तो सालगड्याच्या पाठीवर असतो. झाकण कुणी ओतलं आणि वाऱ्यानं उडालेलं कुणाच्या तोंडावर आलं, ही दोन वेगळी माणसं आहेत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आबा म्हणतात, "ते यवतमाळात." यवतमाळ जिल्हा नांदेडला लागून आहे, मधे फक्त पैनगंगा.

म्हणून आबांना नाही, त्यांच्या घरातल्यांना सांगणं आहे. झाकण कापून टाका, मापी घ्या. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. वारा पाठीकडून घ्या, तोंड-नाक झाका, हातमोजे घाला, फवारून झालं की साबणानं आंघोळ करा आणि मगच घास घ्या. कुणाला मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ असं दिसलं तर कपडे उतरवून अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच दवाखाना गाठा. डॉक्टरला लेबल पाहिल्याशिवाय उतारा ठरवणं अवघड जातं. आणि पंप ज्याच्या पाठीवर जाणार, माप त्याच्या डोळ्यांसमोर करा. मोंढ्यातल्या काट्यासमोर उभं राहण्याचा हक्क आबा मागतात, तोच त्याचाही आहे.